अठ्ठेचाळीस हिस्से आणि एक सायकल

घरातला वडीलधारा माणूस अल्लाहला प्यारा झाला की काही दिवस दुखवट्याला येणाऱ्या-जाणाऱ्यांत निघून जातात. ते ओसरले की त्याच्यामागे उरलेल्या वस्तू समोर येतात. घर, जागा, बँकेतली रक्कम यांची यादी होते. घड्याळ, छत्री, शिवणयंत्र, कपाटातली पुस्तके यांची यादी मात्र सहसा कोणी करत नाही. जो त्या घरात राहतो त्याच्याकडे त्या राहून जातात, आणि लग्न होऊन गेलेल्या बहिणींना कोणी विचारतही नाही. शरीअतच्या हिशेबाने मात्र मय्यताने मागे ठेवलेली लहानातली लहान वस्तूही तर्क्यात येते. आधी कफन-दफनाचा खर्च, मग कर्ज, मग वसीयत केली असेल तर एक तृतीयांशाच्या आत ती, आणि जे उरेल ते सर्व वारसांचे. त्यात "एवढ्याशा वस्तूचे काय" असा अपवाद नाही.

आम्ही चार भावंडे आहोत. आपा सर्वांत मोठी, तिच्यामागे भाईजान, मग मधला भाऊ आणि शेवटी धाकटी बहीण. हा लेख आम्ही चौघांनी बसून, एकमेकांना आठवण करून देत लिहिला आहे, म्हणून त्यात 'मी' नाही. अब्बांच्या पश्चात आम्ही यादी करायला बसलो तेव्हा आपाने एवढेच सांगितले की जिन्याखालची सायकलही लिहा. तेव्हा ती सायकल म्हणजे गंजलेल्या लोखंडाचा सांगाडा होता. मागच्या चाकाची रिम गंजून भोके पडली होती. पॅडल गेले होते, सीटचे कातडे फाटून खाली लोंबत होते, चेनकव्हर केव्हाच नाहीसे झाले होते. भंगारवाल्याने किलोवर भाव सांगितला असता. तरी आम्ही ती लिहिली.

अब्बा खडकीच्या ॲम्युनिशन फॅक्टरीत कामगार होते. 1869 साली सुरू झालेला हा कारखाना खडकी-बोपोडीतल्या कितीतरी घरांचा रिज्क होता. पाळी सुटण्याचा भोंगा झाला की रस्ता सायकलींनी भरून जायचा. शेकडो काळ्या सायकली, हॅण्डलला जेवणाचे डबे, आणि घंट्यांचा एकच आवाज. त्या काळी पुणे सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई. सायकलीला नगरपालिकेचा बिल्ला लागायचा, रात्री दिवा नसेल किंवा डबलसीट दिसले तर पोलीस थांबवायचा. अब्बांनी आपली सायकल 1966 साली कॅम्पातल्या एका पारशी गृहस्थांकडून जुनी घेतली होती. ती विलायतेची, नॉटिंगहॅमची रॅले होती. त्या शहरातल्या रॅले नावाच्या रस्त्यावर एक छोटा कारखाना होता, त्यावरून कंपनीला हे नाव पडले. पुढे आपल्याकडेच सायकली मोठ्या संख्येने होऊ लागल्या. मद्रासला टी. आय. सायकल्स, आसनसोलला सेन-रॅले, सोनीपतला ॲटलस, लुधियानाला हिरो असे कारखाने उभे राहिले आणि विलायती सायकली मागे पडत गेल्या. अब्बांच्या फॅक्टरीतल्या बहुतेकांकडे देशी सायकलीच होत्या. अब्बांच्या सायकलीच्या पुढच्या नळीवर बगळ्याच्या डोक्याचे चिन्ह होते, आणि चेनव्हीलमध्येही बगळेच कापलेले होते. आम्ही लहानपणी त्यांना बदके म्हणायचो.

चौघेही त्या सायकलच्या दांडीवर बसून वाढलो. दांडीला टॉवेल गुंडाळलेला असे. दवाखान्यात, ईदगाहला, स्टेशनवर, सगळीकडे याच दांडीवरून. त्या जागेवरचा काळा रंग झिजून खालचे लोखंड दिसू लागले आहे.

तर्क्याचा हिशेब मशिदीतल्या मौलानांनी करून दिला. आमच्यात वारस पाच, म्हणजे अम्मी आणि आम्ही चौघे. अम्मींचा आठवा हिस्सा. उरलेल्या सात अष्टमांशात मुलाला दोन आणि मुलीला एक या प्रमाणाने सहा वाटे. अपूर्णांक टाळायचे तर संपूर्ण तर्क्याचे अठ्ठेचाळीस हिस्से करायचे. अम्मींचे सहा, प्रत्येक भावाचे चौदा, प्रत्येक बहिणीचे सात. सहा, अठ्ठावीस आणि चौदा मिळून अठ्ठेचाळीस. पुढे सायकल उघडली तेव्हा मधल्याने सहज चेनव्हीलचे दात मोजले. तेही अठ्ठेचाळीसच निघाले. त्यावर आम्ही बरेच दिवस हसत होतो.

घर आणि रक्कम यांची वाटणी शांतपणे झाली. अडले ते सायकलीपाशी.

जुन्या सायकली जमवणाऱ्या एका गृहस्थांना कुठूनतरी कळले आणि ते पाहायला आले. पुण्यात अशा जुन्या सायकलींची कदर करणारी माणसे आहेत. कर्वेनगरला तर विक्रम पेंडसे यांचे सायकलींचे संग्रहालयच आहे. आमच्याकडे आलेल्या गृहस्थांनी सीटखालच्या सांध्यावरचा नंबर पाहिला, बगळा पाहिला आणि पंधरा हजार रुपये सांगितले. वर म्हणाले, "हिला हात लावू नका. गंजासकट द्या. जुना रंग गेला की किंमत गेली."

भाईजानांचे म्हणणे सरळ होते. विकून टाकू, हिशेब साफ होईल. अम्मींना अठराशे पंचाहत्तर, भावांना प्रत्येकी चार हजार तीनशे पंचाहत्तर, बहिणींना प्रत्येकी दोन हजार एकशे साडेसत्त्याऐंशी. कोणाचे कोणाकडे काही राहणार नाही. मधल्याला ती विकायची नव्हती. त्याला ती नव्यासारखी चकचकीत करून दिवाणखान्यात ठेवायची होती, अब्बांची आठवण म्हणून. धाकटी म्हणाली, आठवण म्हणून ठेवलेल्या वस्तूवरची धूळ पुसायचे काम शेवटी घरातल्या बायकांकडेच येते.

आपा सगळ्यांत शेवटी बोलली. तिची नात अकरावीला गेली होती. तिचे कॉलेज घरापासून सहा किलोमीटरवर आहे. रोज दोन बस बदलायच्या, नाहीतर रिक्षाचे पैसे मोजायचे. आपा म्हणाली, "मी सातवीपर्यंत शिकले. आठवीची शाळा चार किलोमीटरवर होती आणि घरात सायकल एकच होती. ती अब्बांच्या पाळीबरोबर जायची. यात कोणाचा दोष नाही, अब्बांचा तर नाहीच. पण आता सायकल रिकामी आहे. तिला पोरीला कॉलेजला नेऊ द्या."

खोलीत थोडा वेळ कोणी बोलले नाही. आपा सायकल चालवायला शिकली होती हे आम्हां धाकट्यांना त्या दिवशी प्रथम कळले. दुपारी अब्बा झोपलेले असताना, दांडीखालून पाय घालून, मैदानाच्या कडेकडेने. ते सांगितले अम्मींनी. त्यांना तेव्हाही माहीत होते.

अम्मी म्हणाल्या, "त्यांनी ही सायकल शोभेला घेतली नव्हती. माझे सहा हिस्से पोरीला दिले. तुमचे तुम्ही बघा."

मौलानांना विचारले. ते म्हणाले की हा हिबा होईल, आणि हिब्याला तीन गोष्टी लागतात. देणाऱ्याने स्पष्ट शब्दांत देणे, घेणाऱ्याने कबूल करणे, आणि वस्तूचा कब्जा प्रत्यक्ष देणे. नुसते "तुझीच समज" म्हणून वस्तू आपल्याच घरात ठेवली तर हिबा पुरा होत नाही. आपापला हिस्सा वेगळा न करता देता येईल का, असेही आम्ही विचारले. त्यांनी सांगितले की जी वस्तू वाटली तर निकामी होते, तिच्यातला न वाटलेला हिस्सा हनफी मतानुसार हिबा करता येतो. सायकलचे तुकडे कोण करणार? भाईजानांनी सर्वांत आधी आपले चौदा हिस्से दिले. त्यांच्यामागे मधला, धाकटी आणि आपा. पोरीने कबूल केले. कब्जा द्यायचा तर आधी सायकल चालायला हवी होती.

मग काम सुरू झाले. खडकी बाजारातले एक मिस्त्रीचाचा आयुष्यभर सायकलीच दुरुस्त करत आले आहेत. त्यांनी सायकल उलटी केली, चिमटा आणि नळ्यांचे सांधे बोटाने चाचपले आणि सांगितले, "हाड शाबूत आहे. मांस आपण गोळा करू." या जुन्या सायकलींच्या नळ्या सांध्याच्या खोबणीत बसवून पितळी झाळ देऊन जोडलेल्या असतात. ती झाळ फुटली नसेल आणि नळी आतून गंजली नसेल तर बाकी सर्व बदलता येते.

पहिली लढाई कॉटरशी झाली. पॅडलचा दांडा आणि मधला ॲक्सल यांना धरून ठेवणारी ती छोटीशी पाचर वर्षानुवर्षे गंजून जाम झालेली असते. वरून हातोडा मारला तर तिचे आटे चेपतात आणि ॲक्सललाही मार बसतो. चाचांनी तीन दिवस रॉकेल सोडले, मग दांड्याखाली एक लोखंडी नळी उभी टेकवली आणि एकच सणसणीत ठोका दिला. कॉटर निघाली. त्यानंतर उजव्या बाजूचा कप. तो उलट्या आट्याचा असतो, म्हणजे नेहमीसारखा डावीकडे फिरवला तर आणखी घट्ट होतो. डाव्या पॅडलचेही तसेच. चालवताना ते आपोआप सैल होऊ नयेत म्हणून कारखान्यांनी केलेली ही सोय आहे, पण ज्याला ठाऊक नाही तो आटा मारून बसतो.

एक कप आत झिजला होता. मधला बाजारातून नवा घेऊन आला, तो बसेना. चाचांनी दाखवले की इतर सायकलींच्या कपाला एका इंचात चोवीस आटे असतात, रॅले आपल्या सायकलींना सव्वीस आटे ठेवत असे. डोळ्याला फरक दिसत नाही, पण जबरदस्ती केली तर नळीचे आटे जातात आणि सायकल कायमची संपते. म्हणून रॅलेचा भाग रॅलेतूनच काढावा लागणार होता.

त्यासाठी आम्ही जुन्या बाजाराच्या फेऱ्या सुरू केल्या. मंगळवार पेठेच्या बाजूला बुधवारी आणि रविवारी हा बाजार भरतो. जमिनीवर अंथरलेल्या कापडावर कुलपे, नळ, पंखे, रेडिओ, शिलाई यंत्रांचे भाग, कशाचे काय ते शोधणाऱ्यालाच कळते. चार रविवार गेले. पाचव्या रविवारी एका मोडक्या रॅलेचा मधला भाग मिळाला, त्यातला कप चांगला होता. मागची रिम एका भंगारवाल्याकडे पडलेल्या ॲटलसची मिळाली. रिमला चाळीसच भोके हवी होती. आपल्याकडच्या साध्या सायकलीला पुढे बत्तीस आणि मागे चाळीस तारा असतात, कारण वजन मागे येते. शिवाय दांड्याचे ब्रेक रिमच्या कडेला न लागता आतल्या बाजूने वर ओढले जातात, त्यामुळे रिमची घडणही तशीच लागते. ॲटलसची रिम दोन्ही बाबतींत जुळली. ॲटलसचा साहिबाबादचा कारखाना 2020 सालच्या 3 जूनला, म्हणजे जागतिक सायकल दिनीच बंद पडला होता. ती बातमी आम्हांला ती रिम घासताना आठवली.

सहाव्या फेरीत जे हाती लागले ते आम्ही शोधत नव्हतो. एका ढिगात मागच्या चाकाचा एक जाड हब होता. मधल्याने तो पुसला तर त्यावर स्टर्मी-आर्चर, ए डब्ल्यू आणि 59 असा आकडा दिसला. चाचांचा चेहरा खुलला. हा तीन गिअरचा हब. बाहेरून काही दिसत नाही, सगळी चक्रे पोटात. तीन गिअरचा पहिला हब या नावाने 1902 साली निघाला आणि हा ए डब्ल्यू प्रकार 1936 पासूनचा. हबवरचा आकडा तो बनला ते साल सांगतो. म्हणजे हा 1959 चा, आणि भोके चाळीस. सातशे रुपयांत सौदा झाला.

हा हब का महत्त्वाचा, ते थोडे सांगायला हवे. अब्बांच्या सायकलला मागे अठरा दातांचे फ्रीव्हील होते. पॅडलच्या एका फेऱ्यात सायकल जवळजवळ सहा मीटर जायची. सपाट रस्त्यावर ते उत्तम, पण वजनदार सायकल चढावर तशी ओढायला अब्बांच्या पायांतली ताकद लागते. चाचांनी हबवर बावीस दातांचे चक्र बसवले. आता मधल्या गिअरला एका फेऱ्यात सुमारे पावणेपाच ते पाच मीटर पडतात, पहिल्या गिअरला साडेतीनच्या थोडे वर आणि तिसऱ्याला साडेसहा. पोरीच्या वाटेत दोन चढ आहेत. तिथे पहिला गिअर, बाकी मधला.

हब रॉकेलमध्ये उघडून धुतला. आतले खटके चांगले होते, फक्त त्यांच्या केसासारख्या बारीक स्प्रिंगा बदलल्या. यात ग्रीस भरायचे नसते, पातळ तेलाचे थेंब सोडायचे असतात. त्यासाठी हबवर छोटे झाकण असते. चाचांनी पोरीला समोर बसवून एक गोष्ट तीनदा सांगितली. दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरच्या मध्ये एक पोकळ जागा आहे. केबलचा ताण बरोबर नसेल तर गिअर तिथे अडकतो, पॅडल एकदम मोकळे फिरते, आणि उभे राहून पॅडल मारणारा पडतो. म्हणून केबलची साखळी दर आठवड्याला तपासायची.

बाकीची कामे आम्ही वाटून घेतली. नट, घंटी, ब्रेकचे दांडे असे लहान भाग धाकटीने लिंबूफुलाच्या पाण्यात रात्रभर बुडवून ठेवले. सकाळी गंज काळ्या पाण्यात उतरलेला असे. मग खायच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन, कोरडे करून लगेच तेलाचे बोट फिरवायचे, नाहीतर दुपारपर्यंत पुन्हा गंज चढतो. छर्रे सगळे नवे घातले. मधल्या ॲक्सलला दोन्ही बाजूंना अकरा-अकरा, पुढच्या चाकाला दहा-दहा. फाटलेली सीट ब्रूक्सची होती. भाईजानांच्या ओळखीच्या मोचीने जुन्या कातड्याचा माप काढून म्हशीचे जाड कातडे भिजवले, जुन्याच सांगाड्यावर ताणून बसवले आणि तांब्याचे रिबेट ठोकले. विकायला निघालेले भाईजान त्या मोचीकडे तीन वेळा गेले.

दांडीचा प्रश्न उरला होता. सायकल मर्दानी. कोणीतरी सुचवले की वरची दांडी कापून खाली तिरपी जोडा, लेडीज होईल. चाचांनी साफ नकार दिला. "सायकलचा जोर त्या चौकोनात आहे. दांडी कापली की नळ्या वाकायला लागतात. तसे करायचे असेल तर दुसरीकडे न्या." आम्हांलाही ती दांडी कापायची नव्हती. पोरगी उंच आहे, सलवार-कुर्ता घालते. सीट अगदी खाली घेतली आणि सायकल एका बाजूला कलती करून बसायची तिने सवय केली. कपडा चेनमध्ये जाऊ नये म्हणून एका मोडीत निघालेल्या सायकलचे पूर्ण बंद चेनकव्हर पत्र्याच्या नव्या पट्ट्या लावून बसवले. ओढणी मागच्या चाकात जाऊ नये याची काळजी आपाने घेतली. जुन्या विलायती लेडीज सायकलींना मागच्या मडगार्डपासून हबपर्यंत दोऱ्यांची जाळी असायची. आपाने मडगार्डच्या कडेला बारीक भोके पाडून घेतली आणि ज्या क्रोशाने ती आयुष्यभर नमाजाच्या टोप्या विणत आली त्याच क्रोशाने नायलॉनच्या दोऱ्याची दोन्ही बाजूंची जाळी विणली. त्या जाळीला चौकशी करणारे अजूनही रस्त्यात भेटतात.

रंग दिला नाही. मधल्याला शेवटपर्यंत वाटत होते की द्यावा. पण रंग द्यायचा तर आधी सगळे घासून काढावे लागते, आणि त्यात दांडीवरची ती झिजलेली जागाही जाणार होती. आम्ही जुना काळा रंग केरोसिनच्या फडक्याने पुसला, वर मेण चोळले, आणि दांडीवरच्या उघड्या लोखंडाला पारदर्शक वॉर्निशचे दोन हात दिले. तेवढेच.

खर्चाचा हिशेबही सांगतो, कारण वाचणाऱ्यांपैकी कोणाच्या तरी जिन्याखाली अशीच एखादी सायकल असेल. हब सातशे, रिम अडीचशे, दोन टायर-ट्यूब सातशे, तारा दोनशे, छर्रे आणि ग्रीस दीडशे, सीट चारशे, चाचांची मजुरी बाराशे, आणि कप, चेनकव्हर, दिवा, केबल मिळून सहाशे. एकूण चार हजार दोनशे. वेळ तीन महिने. पैसे वाचवण्यासाठी कोणी हे करू नये. आम्ही पंधरा हजार सोडले आणि वर चार हजार दोनशे घातले, असेही कोणी म्हणेल, आणि ते खरे आहे.

पण पैशांपलीकडचाही हिशेब असतो. हजरत आयेशा (रजि.) यांच्या रिवायतीत येते की हुजूर (सल्ल.) घरात असताना आपल्या चपला स्वतः सांधत आणि आपल्या कपड्याला स्वतः ठिगळ लावत. दुरुस्त करून वापरणे ही गरिबीची लाज नाही, ती सुन्नत आहे, हे आपण वाजमध्ये ऐकतो आणि घरी येऊन चांगली वस्तू भंगारात घालतो. इस्राफ म्हटले की आपल्याला दावतीतले वाया गेलेले अन्न आठवते. धड असलेले लोखंड गंजू देणे हाही इस्राफच आहे, आणि वापरता येण्याजोगी वस्तू काचेआड ठेवून घरातल्या मुलीला दोन बस बदलायला लावणे हाही.

कब्जा एका जुम्याच्या दिवशी दिला. नमाजनंतर आम्ही सगळे चाचांच्या दुकानासमोर उभे होतो. अम्मींनी किल्ली पोरीच्या हातात ठेवली. मोहल्ल्यात बोलणारे बोललेच. मुलगी सायकलवर, आणि तीही मर्दानी सायकल. एका बुजुर्ग शेजाऱ्यांनी अम्मींना तसे सुनावलेही. अम्मी म्हणाल्या, "भाईसाहेब, हिच्या आजीला मी चालत पाठवू शकले नाही. हिला चालवत पाठवते आहे. दुआ करा." ते काही बोलले नाहीत. पुढच्या महिन्यात चढावर चेन उतरली तेव्हा त्यांच्याच नातवाने ती बसवून दिली.

आपा त्या दिवशी सायकलवर बसली नाही. साठी ओलांडलेली, गुडघे दुखतात. तिने फक्त हॅण्डल धरून सायकल दुकानापासून कोपऱ्यापर्यंत नेली आणि तिथे नातीच्या हाती दिली.

वाचक बंधू-भगिनींना आमची दोन विनंत्या आहेत. घरात कोणी अल्लाहला प्यारे झाले तर यादी करताना लहान वस्तूही लिहा, आणि बहिणींना बोलवून त्यांच्यासमोर लिहा. त्या घेतील किंवा सोडतील, पण विचारणे हे आपले काम आहे. कधीकधी यादीतल्या सर्वांत स्वस्त ओळीतच त्यांना सांगायचे असलेले सगळे असते. आणि वस्तू भंगारात देण्याआधी एकदा एखाद्या जाणत्या मिस्त्रीला दाखवा. ही माणसे आता थोडी उरली आहेत. कोणता आटा सव्वीसचा आणि कोणता चोवीसचा हे बोटाने ओळखणारे हात आपल्या मोहल्ल्यातच बसलेले असतात, आणि त्यांची मुले ते काम शिकत नाहीत, कारण त्यांच्याकडे कोणी काम घेऊन जात नाही.

सायकल आता रोज बारा किलोमीटर चालते. दर गुरुवारी रात्री पोरगी हबमध्ये तेलाचे थेंब सोडते, केबलची साखळी तपासते आणि जाळीत अडकलेला कचरा काढते. दांडीवर आता तिचा धाकटा भाऊ बसायला मागतो. ती त्याला म्हणते, आधी टॉवेल आण.

अल्लाह आमच्या अब्बांची मगफिरत करो, आणि त्यांनी मागे ठेवलेल्या प्रत्येक वस्तूचा हक्क अदा करण्याची आम्हांला तौफीक देवो. आमीन.